तांब्याला टेबल हवे

नाण्यांच्या प्रदर्शनांचे दिवस संपले, असे हल्ली आम्हा नाणेसंग्राहकांतलेच काहीजण ठासून सांगतात. लिलावांचे रंगीत कॅटलॉग मोबाइलवर येतात, बोली तिथेच लागते, मग सभागृहाचे भाडे आणि चहापाण्याचा खर्च कशाला, असा त्यांचा सवाल. चांदीपुरते त्यांचे बरोबर आहे. इंग्रजी कलदार रुपयाचे साल आणि अवस्था फोटोत दिसते; त्यासाठी कोणी एसटीने आमचे सोलापूर गाठावे, असे मीही म्हणणार नाही.

सातवाहन आणि नहपान यांच्यात मी शिरत नाही. त्यांच्या नाण्यांचा जोगळटेंभीचा 1906 चा ठेवा सर्वांना पाठ आहे. माझा जीव तांब्यात.

शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे एकावर ‘राजा’चा ‘जा’ कापलेला, तर दुसऱ्यावर ‘श्री’चा पत्ता नाही. कुठे ‘शिव’चा ‘सिव’ झालेला. अशा एकट्या नाण्याचा फोटो टाकला की ‘झिजलेले आहे’ म्हणून लोक पुढे सरकतात. तीच दहा-बारा नाणी टेबलावर शेजारीशेजारी मांडा, खिडकीचा तिरपा उजेड पडू द्या. याचे अक्षर त्याने भरून काढत अख्खा मजकूर लागतो. त्यासाठी चार-सहा डोकी टेबलावर वाकावी लागतात. (नाणे आणण्याआधी चिंचेने घासू नका, हे मी आयुष्यभर सांगत आलो. लोक घासतातच.) शिवाय कड! ओतीव नकलेच्या कडेला साच्याचा सांधा राहतो, भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. विकणारा कडेचा फोटो सहसा टाकत नाही.

दुसरे प्रेम निजामाचा हाली सिक्का. सोलापूर इंग्रजांचे, तर तुळजापूर, नळदुर्ग निजामाचे. तिकडून बाजाराला येणाऱ्याच्या कनवटीला चारमिनार छापाचे हाली रुपये. सात हालींना सहा कलदार हा ठरीव भाव, वर सराफाचा बट्टा वेगळा. 1948 मध्ये निजामाचे राज्य गेल्यानंतरही काही वर्षे हे चलन चालले, म्हणून आमच्या जुन्या प्रदर्शनांत म्हाताऱ्या बायका काचेतला हाली पैसा पाहून थेट ज्वारीच्या भावावर यायच्या. कोणत्या गावात कोणते नाणे चाले, कुठे नाकारत, हे त्या बोलण्यातून कळे. कॅटलॉगमध्ये ते छापत नाहीत. औरंगजेबाचा सोलापूर टांकसाळीचा रुपया आज लिलावात निघतो, पण तो कोणत्या शेतात, कोणत्या मडक्यात होता, हे विचारण्याची सोयच उरलेली नाही.

गिरण्यांच्या टोकनांकडे तर जाणत्यांनीही नाक मुरडले. गिरणीचा पितळी बिल्ला, दोरीसाठी भोक पाडलेला, आकडा हाताने ठोकलेला. त्यातला आठ हमखास वाकडा. एका नामवंत जाणकाराने मला भर सभेत विचारले होते, ‘हे काय नाणेशास्त्र आहे का?’ नसेल. पण 1877 च्या जुन्या गिरणीपासून या गावाने ज्या यंत्रांवर पोट भरले, त्यांची कामगाराच्या हातात राहिलेली खूण एवढीच. गिरण्या बंद पडत गेल्या आणि ही पितळ किलोच्या भावाने मोडीत गेली. ज्यांनी नाक मुरडले, तेच आता बिल्ले शोधत फिरतात.

आणि आजची नवी पिढी? तिला प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, वर गुणांक लिहिलेले नाणे हवे. हात लावायचा नाही, फक्त भाव चढायची वाट पाहायची. दुसऱ्या टोकाला, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात या अफवेवर साधी माणसे नाडली जातात. 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांना भुलू नका, जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहाराशी बँकेचा संबंध नाही. जिल्ह्याच्या गावी वर्षातून एकदा ओळख सांगणारे टेबल असते, तर यातले निम्मे लोक आधी तिथे आले असते.

म्हणून पुढची प्रदर्शने विक्रेत्यांच्या गर्दीची नकोत. एक टेबल केवळ ओळखीचे, तिथे खरेदी-विक्री बंद. प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर गावाचे नाव, मिळाले कसे, घरात किती पिढ्या. ठेवा नव्याने सापडला असेल तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा अर्ज तिथेच भरून द्यावा. लोक कायद्याला घाबरून नाणी आटवतात, अर्जाला घाबरत नाहीत. वेळ गड्डा यात्रेची धरावी. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला कलबुर्गी, धाराशिवकडची माणसे येतातच, आणि हाली तांबे अजून त्यांच्याच घरच्या डब्यांत पडलेले आहे.