तेर येथील त्रिविक्रमाचें देऊळ व प्राचीन तगर

धाराशिवच्या ईशान्येस सुमारें २० किलोमीटरांवर, तेरणा नदीच्या कांठीं, तेर हें गांव आहे. वारकऱ्यांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून परिचित आहे. परंपरेप्रमाणें शके १२३९ (इ. स. १३१७) च्या चैत्र वद्य त्रयोदशीस गोरोबांनीं येथें समाधि घेतली, नदीकांठच्या त्यांच्या मंदिरापाशीं चैत्र वद्य पक्षांत मोठी यात्रा भरते. संशोधकांचें लक्ष मात्र गांवांतील विटांच्या देवळांकडे, विशेषतः त्रिविक्रमाच्या देवळाकडे, लागलेलें आहे. हें देऊळ मूळचें बौद्धांचें कीं ब्राह्मणधर्मीयांचें, हा वाद शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्याचा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा, एवढेंच येथें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम स्थलनिश्चयाचा विचार करूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें नगर सांगितलें आहे. तगराहून जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांनीं भडोचेस जात असे. हें तगर म्हणजे देवगिरी, असें विल्फर्ड यांस वाटलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर सुचविलें, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांनीं धारूर. इ. स. १९०१ मध्यें डॉ. फ्लीट यांनीं तेर हेंच तगर होय असें प्रतिपादिलें, व तेंच मत पुढें सर्वमान्य झालें. भडोच ते पैठण हें सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर अंतर वीस दिवसांचें धरिलें, तर रोजची मजल साडेसतरा किलोमीटरांची पडते. पैठण ते तेर हें अंतर सुमारें १५० किलोमीटर, म्हणजे दहा दिवसांस रोजीं पंधरा. बैलगाडीच्या चालीस दोन्ही हिशेब जुळतात. दिशा नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे, हें खरें. पण जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेसच पडतें. शिवाय प्राकृतांत दोन स्वरांमधील गकार लोपतो. त्या नियमानें 'तगर' पासून 'तेर' हें रूप सहज सिद्ध होतें.

नगर ओसरल्यावरहि त्याचें नांव मागें राहिलें. उत्तर कोंकणचे शिलाहार आपणांस 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवीत, कोल्हापूरचे 'तगरपुरवराधीश्वर'. ज्या नगरावर त्यांची सत्ता नव्हती, त्याचें नांव ते कुलाचें मूलस्थान म्हणून ताम्रपटांत मिरवीत. जैन वाङ्मयांतहि हें नांव आढळतें. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यांत तेरापुर व त्याजवळचीं लेणीं यांचें वर्णन आहे; हीं लेणीं म्हणजे धाराशिवचीं होत. हें काव्य डॉ. हीरालाल जैन यांनीं संपादून इ. स. १९३४ मध्यें कारंजा येथील ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. हस्तलिखितांचे भांडार स्थलेतिहासास किती उपयोगी पडतात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आतां देवळाकडे वळूं. त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें असून त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीप्रमाणें लांबट व गोल असून, त्याच्या पुढील तोंडावर लेण्यांत दिसते तशी नालाकृति चैत्यकमान आहे. पुढें सपाट छताचा चौकोनी मंडप असून आंत बळीचें दान घेणाऱ्या त्रिविक्रमाची मूर्ति आहे. कझिन्स यांनीं तेरची पाहणी करून आपलें निवेदन पुरातत्त्वखात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालांत प्रसिद्ध केलें. त्यांच्या मतें हें मूळचें बौद्ध चैत्यगृह असून वैष्णवांनीं तें मागाहून आपलेंसें केलें व मंडप नंतर जोडला.

या मताचा मुख्य आधार देवळाची आकृति हा होय. परंतु केवळ आकृतीवरून धर्म ठरविणें आम्हांस सुरक्षित वाटत नाहीं. आंध्रांतील चेझर्ला येथील कपोतेश्वराचें देऊळ अगदीं याच घाटाचें आहे. तथापि तेंहि मूळचें बौद्ध असावें असें कित्येक मानीत असल्यामुळें तो दाखला आम्ही पुढें करीत नाहीं. परंतु गुडिमल्लम येथील शिवालयाचें गर्भगृह गजपृष्ठाकार आहे, आणि ऐहोळेचें दुर्गामंदिरहि मागें अर्धवर्तुळाकार आहे. हीं देवळें बौद्धांचीं होतीं, असें कोणी म्हणत नाहीं. तात्पर्य, हा घाट सर्वांचा सामाईक होता. कझिन्स यांचें अनुमान खोटें आहे असें यावरून ठरत नाहीं. तें एकट्या आकृतीवर उभें राहत नाहीं, इतकेंच ठरतें. निर्णय व्हावयाचा तो पायाखालच्या थरांवरून व तेथील वस्तूंवरून.

गांवांतील उत्तरेश्वराचें व कालेश्वराचें हीं देवळेंहि विटांचींच आहेत. तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात अशी ख्याति आहे. मातींत मिसळलेला भुसा भट्टींत जळून गेला कीं वीट सच्छिद्र व हलकी होते, हें त्याचें कारण. अशी वीट वरचा भार कमी करते, पण पाणीहि शोषते. म्हणून अशा वास्तूंची डागडुजी करतांना सिमेंटचा गिलावा देणें हानिकारक होय. आंत कोंडलेला ओलावा विटेचा भुगा करितो, आणि कोरीव नक्षी गिलाव्याखालीं कायमची झांकली जाते.

तेरची पांढरी विस्तीर्ण आहे. इ. स. १९५८ मध्यें श्री. बा. ना. चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें, व त्याचा अहवाल १९६९ मध्यें प्रसिद्ध झाला. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरींतून मिळालेल्या वस्तु जन्मभर जमविल्या; त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय गांवांतच आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं विद्वान् करितात. ती तेरची आहे हें ठाऊक आहे, म्हणूनच तिला पुराव्याचें मोल आहे; तीच बाजारांतून निनांवी हातीं आली असती, तर केवळ शोभेची वस्तु ठरली असती.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, तेरची वीट, नाणें वा मृण्मूर्ति हातीं आल्यास ती कोणत्या जागीं व कशाबरोबर सांपडली याची नोंद त्याच दिवशीं करावी. जुन्या दप्तरांत तेरच्या देवस्थानांचे इनामपत्र वा माहात्म्याची पोथी आढळल्यास, मूळ कागद स्थानावरून न हालवितां त्याची यथामूल नक्कल करून ती प्रसिद्ध करावी. त्रिविक्रमाच्या देवळाचा वाद अशाच बारीक नोंदींनीं सुटेल.