संकेतस्थळ-निर्मिती मंचावरील ऑनलाइन दुकान व स्थानिक पेमेंट गेटवे : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाला दूरचा ग्राहक मिळवून देण्यासाठी ऑनलाइन दुकान हे उपयुक्त साधन आहे. शॉपिफाय, विक्स यांसारख्या मंचांवर संगणकीय भाषा न शिकताही असे दुकान उभारता येते. परंतु दुकान उभे राहणे आणि विक्रीची रक्कम खात्यात जमा होणे या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या बाबीचे विवेचन केले आहे.

स्थानिक गेटवेची आवश्यकता :
शॉपिफायची स्वतःची देयक सेवा भारतातील विक्रेत्यांना उपलब्ध नाही. पेपालनेही १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत देयके बंद केली. त्यामुळे रेझरपे, पेयू, सीसीअव्हेन्यू यांसारखी सेवा दुकानाला जोडावी लागते. तिच्याद्वारे यूपीआय, रुपे कार्ड व नेटबँकिंग हे ग्राहकाच्या सवयीचे मार्ग खुले होतात. रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बँकेतर मध्यस्थ कंपनीला ग्राहकांची रक्कम अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. विक्रेत्याच्या दृष्टीने हे मोठे संरक्षण होय.

जोडणी व दक्षता :
नोंदणीसाठी पॅन, बँक खाते आणि व्यवसायाची कागदपत्रे लागतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी वा परवाना असावा. खाते मंजूर झाल्यावर मिळणारी सांकेतिक कळ मंचाच्या देयक विभागात भरावी. प्रथम चाचणी अवस्थेत व्यवहार करून पाहावा व नंतरच प्रत्यक्ष विक्री सुरू करावी. गुप्त कळ कोणालाही देऊ नये.

देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील ग्राहकाने पैसे भरताच मोबाइलचे नेटवर्क गेले, तर रक्कम वजा होते, पण दुकानात मागणी अपूर्ण दिसते. हा घोटाळा टाळण्यासाठी वेबहुक सुरू असावा. त्यामुळे गेटवे ग्राहकाच्या मोबाइलवर विसंबून न राहता थेट दुकानाच्या सर्व्हरला सूचना देतो. केवळ ग्राहकाने पाठविलेल्या स्क्रीनशॉटवरून माल रवाना करू नये. गेटवेच्या नोंदीशी पडताळणी करावी.

खर्चाचा हिशेब :
समजा, ५,००० रुपयांच्या कार्ड-विक्रीवर २ टक्के शुल्क आहे. शुल्क १०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी १८ रुपये, म्हणजे हाती ४,८८२ रुपये येतात. मंचाचे वेगळे व्यवहार शुल्क असल्यास तेही वजा होते. यूपीआयवरील मर्चंट डिस्काउंट रेट १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तथापि मध्यस्थ कंपनी सेवाशुल्क लावू शकते. म्हणून करार वाचूनच विक्रीची किंमत ठरवावी.

निष्कर्ष :
तांदळाच्या व्यापारात नफ्याचे प्रमाण अल्प असते. तेथे चुकीची निवड नफा गिळून टाकते. म्हणून दुकानाच्या सजावटीपूर्वी पैशाची वाट निश्चित करणे हे लहान उत्पादकाच्या व बचत गटांच्या हिताचे ठरेल.