चाळिशीनंतर औषधांच्या कारखान्यात

एकदा लागलेली नोकरी निवृत्तीपर्यंत टिकवावी, हा आपल्या मध्यमवर्गाचा अलिखित धर्म आहे. विशीत जे काम हाती आले त्यातच पन्नाशी गाठणाऱ्याला समाज स्थिर म्हणतो. चाळिशीत वाट बदलणाऱ्याच्या पदरी मात्र शंका आणि सल्ले यांखेरीज फारसे काही पडत नाही. मालवणच्या किनारपट्टीला हे स्थैर्य कधीच पुरतेपणी लाभले नाही. येथील घरे कित्येक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली आणि मुंबईतील धंदा बसला की येथील चूलही थंडावली.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. नव्या जिल्ह्याला वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावातून जे चाकरमानी कायमचे गावी परतले, त्यांत साचेखात्यात वीस-वीस वर्षे घालविलेली माणसे होती. धाग्याची जाण, यंत्राची सवय, पाळीची शिस्त हे सारे त्यांच्यापाशी होते. परंतु या गुणांचे मोल जाणणारा दुसरा धंदा जवळपास नव्हता. चाळिशीतील व्यवसायबदल या जिल्ह्याने असा लादलेल्या स्वरूपात प्रथम पाहिला. आज तो पुन्हा दाराशी आला आहे. फरक इतकाच की, या वेळी जवळपास एक धंदा उभा आहे.

सीमेपलीकडचे कारखाने

हा धंदा म्हणजे औषधनिर्मिती. कोर्लीम येथील सीबाच्या कारखान्यापासून पुढे वेर्णा, कुंडई, पिळर्ण या औद्योगिक वसाहतींपर्यंत गोव्यात औषधांचे कारखाने वाढत गेले. उलट सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि उद्योगांच्या बाबतीत बराचसा मागेच राहिला. परिणामी बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यातील तरुण रोज सीमा ओलांडून कामाला जातात. मालवण-देवगडकडील तरुणाला गोव्यात खोली घेऊन राहावे लागते. विशीतील मुलाला हे सारे सोपे आहे. प्रश्न आहे तो विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर विज्ञान शिकविणाऱ्या चाळिशीतील शिक्षकाचा, बंद पडलेल्या आस्थापनेतील कारकुनाचा आणि मासेमारीच्या घटत्या उत्पन्नाला कंटाळलेल्या ट्रॉलरवरील इंजिन-दुरुस्ती जाणणाऱ्याचा.

अशा माणसांना धीर देण्यासाठी केशव विष्णु पेंढरकर यांचे उदाहरण नेहमी सांगितले जाते. नागपुरात किराणा दुकान चालविणारे पेंढरकर मुंबईत आले आणि मध्यमवय ओलांडल्यावर, १९५२ मध्ये, परळच्या राहत्या घरात त्यांनी आयुर्वेदिक दंतमंजन तयार करण्यास आरंभ केला. मुलांनी ते दारोदार फिरून विकले. त्यातूनच विको लॅबोरेटरीज उभी राहिली. उदाहरण स्फूर्तिदायक आहे यात संशय नाही. मात्र आजच्या माणसाने ते जपूनच वाचले पाहिजे. स्वयंपाकघरातून औषधनिर्मितीकडे जाणारी ती वाट आता बंद झाली आहे आणि ती बंद झाली हे लोकांच्या हिताचेच आहे. आजच्या प्रौढाला या धंद्यात शिरायचे तर ते कारखानदार म्हणून क्वचितच. बहुधा कुशल नोकर म्हणूनच.

कायदा काय मागतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. या नियमांनुसार सर्वसाधारण औषधांचे उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालते तो तांत्रिक माणूस औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असल्यास त्याला दीड वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव पुरतो. तो रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतलेला विज्ञान पदवीधर असेल, तर उत्पादनाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. या नियमात वयाची अट नाही. म्हणजे वीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झालेल्या शिक्षकाची पदवी आजही जिवंत आहे. उणीव आहे ती तीन वर्षांच्या अनुभवाची. याउलट, अनेकजण घाईने ज्या डी. फार्म. पदविकेकडे वळतात, ती औषधाच्या दुकानाचा मार्ग मोकळा करते. कारखान्यातील उत्पादनाची जबाबदारी त्या पदविकेच्या बळावर मिळत नाही. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी हा भेद ध्यानी घेतलेला बरा.

पदवी नसलेल्यांसही दार सर्वस्वी बंद नाही. कारखान्यात गोळ्या बनविणाऱ्या यंत्रांखेरीज बॉयलर असतो, हवा व पाणी शुद्ध ठेवणाऱ्या यंत्रणा असतात, कच्च्या मालाची कोठारे असतात. इंजिनाची नाडी ओळखणारा माणूस पहिल्या दोहोंत आणि साठ्याचे रजिस्टर सांभाळलेला कारकून तिसऱ्यात लवकर रुळतो.

कारकुनाचा गुण

किंबहुना कारकुनाचा जो गुण अन्यत्र हेटाळणीचा विषय होतो, त्यालाच येथे सर्वांत अधिक मोल आहे. औषधाच्या प्रत्येक बॅचची एक लेखी कुळकथा असते. कोणता माल कोणाकडून आला, कोणी तपासला, किती वाजता किती तापमानाला मिसळला, कोणी पडताळून सही केली, हे सारे त्याच वेळी लिहावे लागते. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असा या धंद्यातील दंडक आहे.

तो दंडक मोडला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत पुरवठ्यापासून तपासणी यंत्रणेपर्यंतची हलगर्जी उघडी पडली. २०२२ मध्ये गाम्बियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या सिरपाने बालकांचे बळी घेतले, तेव्हाही पुन्हा त्याच विषाचे नाव पुढे आले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल ‘एम’ची सुधारित, अधिक कडक नियमावली जारी केली आणि लहान-मध्यम कारखान्यांना तिच्या पूर्ततेसाठी पुढे २०२५ अखेरपर्यंत मुदत दिली. लहान कारखान्यांना त्यामुळे नवी यंत्रे तर लागतीलच. पण त्याहून अधिक लागतील ती न कंटाळता तपासणारी, लिहिणारी आणि खोटी सही करण्यास नकार देणारी माणसे. हा नकार देण्याचे बळ बहुधा वयाबरोबर येते.

तीन वर्षांची किंमत

तरीही हिशेब मांडल्यावाचून उडी घेणे शहाणपणाचे नव्हे. बेचाळीसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याची अठ्ठावन्नपर्यंत सोळा वर्षे उरतात. तीन अनुभव मिळविण्यात गेली तरी तेरा वर्षे त्या अनुभवाचे फळ मिळते. बावन्नाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याला त्याच तीन वर्षांनंतर तीनच वर्षे मिळतात. त्यात त्या आरंभीच्या काळातील पगार नवशिक्याचा, रात्रपाळी चुकत नाही, नेमणूक पुष्कळदा कंत्राटदारामार्फत आणि घर मालवणला, खोली गोव्यात असा दुहेरी खर्च. अर्थशास्त्रात ज्याला गमावलेली संधी म्हणतात ती येथे मुलाचे कॉलेज, घराचे हप्ते आणि आईवडिलांची दुखणी या रूपाने समोर उभी राहते. कारखान्यात शिरण्याआड येते ती माणसाच्या बुद्धीची मर्यादा नव्हे. ही मधली तीन वर्षे पार करण्याची ऐपत आड येते.

ही ऐपत एकट्या कुटुंबाने उभी करावी अशी अपेक्षा अन्यायाची ठरेल. शिकाऊ उमेदवारीच्या योजना मुख्यतः तरुणांना समोर ठेवून आखल्या जातात. प्रौढांसाठी स्वतंत्र शिकाऊ वेतनाची सोय का असू नये? जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी रिकाम्या असतात. तेथे औषध-पृथक्करणाचे व बॅच-नोंदीचे सहा महिन्यांचे वर्ग भरविणे अशक्य नाही. कारखान्यांनीही जाहिरातीतील वयोमर्यादेचा पुनर्विचार केला पाहिजे. घरदार याच पट्ट्यात असलेला चाळिशीतील माणूस वर्षभरात दुसऱ्या शहरी निघून जाण्याचा संभव कमी. त्याला शिकविण्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

औषधाचा कारखाना हा सर्व दुःखांवरचा उतारा नव्हे; जिल्ह्यातील प्रत्येक कष्टी प्रौढाला तो सामावून घेणार नाही. परंतु ज्यांची पदवी, सवय आणि वय यांचा मेळ त्याच्याशी बसतो, त्यांच्यासाठी तरी मधला पूल बांधणे हे शासन, महाविद्यालये आणि उद्योग यांच्या आवाक्यातील काम आहे. १९८२ नंतर मुंबईहून परतलेल्या माणसाला ‘तुला काय येते?’ असे कोणी विचारले नाही. त्याच्या मुलाला हा प्रश्न तरी वेळेवर विचारला जावा.