पटवर्धनांचे दोन परशुरामभाऊ

पुण्यातल्या टिळक रस्त्यावरचं एस. पी., म्हणजे सर परशुरामभाऊ कॉलेज सगळ्यांच्या ओळखीचं. त्यातले परशुरामभाऊ कोण, असं विचारलं की इतिहासाची गोडी असलेला माणूस बेधडक सांगतो : खर्ड्याच्या लढाईतले सेनापती, पटवर्धन. नाव बरोबर, आडनावही बरोबर. माणूस मात्र वेगळा. पेशव्यांच्या सरदाराला इंग्रजांची ‘सर’ पदवी कुठून मिळणार?

पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. पुढच्या पिढ्यांनी पोथी बाजूला ठेवून तलवार धरली. म्हैसूरच्या हैदरअलीविरुद्ध दक्षिण सरहद्द राखण्यासाठी थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांना सरंजाम नेमून दिला. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा महसूल. हरभटांचे नातू परशुरामभाऊ तासगावचे. कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर १७९१ मध्ये त्यांनी टिपूकडून धारवाडचा किल्ला घेतला, १७९५ मध्ये निजामाविरुद्ध खर्ड्याला मराठी फौजांचं नेतृत्व केलं आणि १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकोडोलीला ते पडले. तासगावचं गणपती मंदिर त्यांनीच बांधलं. त्याच्या गोपुरात कर्नाटकातल्या मोहिमांची छाप दिसते.

पेशवाई बुडाली, तरी सरंजाम बुडाले नाहीत. इंग्रजांनी घराण्याच्या शाखांशी वेगवेगळे करार केले आणि सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी ही संस्थानं झाली. ज्या मुलखातून घोडेस्वार पोसायचे, त्याच मुलखाचा महसूल आता दरबार, देवस्थानं आणि शाळांकडे वळला. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तेही याच बदलातून.

कॉलेजची गोष्ट जमखंडीची. शिक्षण प्रसारक मंडळीनं १९१६ मध्ये ‘न्यू पूना कॉलेज’ काढलं. पुढे जमखंडीचे राजे शंकरराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी मोठी देणगी दिली आणि कॉलेजला त्यांच्या दिवंगत वडिलांचं, सर परशुरामभाऊंचं नाव मिळालं. सेनापती या वडिलांचे पूर्वज. घराण्यात पूर्वजांची नावं पुन्हा पुन्हा ठेवली जात, म्हणून हा घोटाळा.

तरीही चुकीचं उत्तर देणारा अगदीच चुकत नाही. जमखंडीची गादी त्या सेनापतीच्याच वंशाकडे होती. पण अशा संस्थानांची तिजोरी भरायची मुख्यतः शेतसाऱ्यातून, आणि जमखंडी आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पुण्यातल्या या कॉलेजवर ऋण कुणाकुणाचं, हे मोजायचं झालं तर दोन्ही परशुरामभाऊंच्या जोडीला तिथल्या कानडी शेतकऱ्यांनाही धरावं लागेल.