थकव्यामागे दडलेली स्नायूंची झीज : पॉम्पे आजारात लवकर निदानाला महत्त्व

बंगळुरू : जिना चढताना मांड्यांतील बळ सरणे, जमिनीवरून उठताना हातांचा आधार घ्यावा लागणे, रात्रभर झोपूनही सकाळी डोके दुखणे, अशा तक्रारी बहुधा अशक्तपणाच्या खात्यावर टाकल्या जातात. क्वचित मात्र त्यांच्या मुळाशी ‘पॉम्पे’ हा आनुवंशिक चयापचय विकार असतो.

स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतात. त्यातील काही भाग पेशींमधील लायसोसोम या सूक्ष्म पिशव्यांत जातो व तेथे अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याचे विघटन करते. जीएए जनुकातील दोषामुळे हे विकर अपुरे पडले की ग्लायकोजेन साचते, पिशव्या फुगून फुटतात आणि स्नायूतंतू आतूनच नष्ट होऊ लागतात. डच विकृतिशास्त्रज्ञ योहानेस पॉम्पे यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले. विकराची उणीव १९६३ मध्ये उलगडली.

तान्ह्या मुलांत हृदय मोठे होते, अंग लुळे पडते आणि उपचारांअभावी बहुतेक बालके वर्षभरातच दगावतात. मोठेपणी उद्भवणाऱ्या प्रकारात कंबर, मांड्या व श्वासपटल हळूहळू दुबळे होतात. झोपेत श्वास उथळ झाल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळची डोकेदुखी आणि दिवसभराची ग्लानी ही त्याचीच लक्षणे होत. म्हणूनच केवळ विश्रांतीने हा थकवा जात नाही.

निदानात फसगतही होते. झिजणाऱ्या स्नायूंतून एएसटी व एएलटी रक्तात उतरतात, त्यामुळे दोष यकृताचा असल्याचा समज होऊ शकतो. अशा वेळी क्रिएटिन कायनेजची तपासणी दिशा दाखवते. टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून विकराची पातळी मोजता येते आणि जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

आई-वडील दोघेही दोषवाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. दक्षिण भारतातील मामा-भाची विवाहांत, तसेच महाराष्ट्रातही आढळणाऱ्या आते-मामे भावंडांच्या विवाहांत असा योग जुळण्याचा धोका वाढतो. अशा कुटुंबांसाठी जनुकीय समुपदेशन मोलाचे ठरते.

कृत्रिम विकर शिरेवाटे देण्याचा उपचार २००६ पासून उपलब्ध आहे. मूळ औषधाची मात्रा किलोमागे २० मिलिग्रॅम असून ती दर दोन आठवड्यांनी, आयुष्यभर द्यावी लागते. १० किलोच्या बालकाला ५० मिलिग्रॅमच्या चार कुप्या लागतात. तेच मूल ४० किलोचे झाले की १६. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ अंतर्गत २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मात्र मुलाच्या वजनाबरोबर वाढणाऱ्या खर्चापुढे ही मर्यादा तोकडी पडते. बंगळुरूमध्ये सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स व इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था, तर मुंबईत केईएम रुग्णालय ही या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रे आहेत.

औषध झिजेचा वेग रोखू शकते. नष्ट होऊन चरबीत रूपांतरित झालेला स्नायू मात्र परत आणू शकत नाही. त्यामुळे कारण न सापडलेला स्नायूंचा दुबळेपणा, विशेषतः श्वसनाच्या त्रासासह असल्यास, चेताविकारतज्ज्ञांना वेळीच दाखवणे आवश्यक आहे.