उन्हाळ्यातला तंबू : छप्पर हवे, भिंती नकोत

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात तंबू ठोकून राहायचे, ही कल्पनाच अनेकांना वेडेपणाची वाटेल. तरीही लोक राहतात. कोणी समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेल्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे रामनवमीला मुक्कामी जातात, कोणी निरभ्र आकाशात ग्रहतारे पाहण्यासाठी शेतात रात्र काढतात, तर कोणी मुलांना गाव दाखवावे म्हणून सुट्टीत आजोळच्या मळ्यात मुक्काम टाकतात. शहरातल्या दुकानातून आणलेला घुमटाकार तंबू हौसेने उभारला जातो आणि सकाळी नऊच्या आत सगळे घामाघूम होऊन बाहेर पडतात. दोष उन्हाचा असतोच. पण बऱ्याच अंशी तो तंबूच्या निवडीचाही असतो.

दुकानांत मिळणारे बहुतेक तंबू थंडी, वारा आणि पाऊस यांपासून बचाव करण्यासाठी बनवलेले असतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये, हेच त्यांचे काम. जालन्याच्या उन्हाळ्यात आपल्याला नेमके याच्या उलट हवे असते.

तंबू तापतो कसा?

हवामान खाते ज्याला ४२ अंश म्हणते, ते सावलीतल्या हवेचे तापमान असते. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून वर ठेवलेला असतो. उघड्यावर बसलेल्या माणसाला या हवेखेरीज थेट उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीचा असा दुहेरी मारा सोसावा लागतो. भर दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो.

सावलीचे मोल किती, याची दुःखद आठवण महाराष्ट्राला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्याही आतच होता. मात्र लाखोंच्या समुदायावर छप्पर नव्हते आणि किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नव्हता.

छप्पर असले तरी ते कसे आहे, हेही पाहावे लागते. नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे पातळ कापड उन्हात तापते आणि तीच उष्णता आत फेकते. पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर दिलेला लेप हवाही अडवतो. शिवाय निजलेला माणूसही साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. चार माणसे झोपलेल्या बंद तंबूत एक लहानशी शेगडीच पेटलेली असते म्हणा ना!

आणखी एक गोष्ट. जालना शहर साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात येथे सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत भिंत, कुंपण किंवा तंबूची कनात दुपारी सावली देऊ शकत नाही. सावली देते ते फक्त छप्पर. कनाती तेवढ्या वारा अडवतात.

दुहेरी छपराचा जुना धडा

हे शहाणपण नवे नाही. भारतात वावरणाऱ्या फौजांच्या तंबूंना एकावर एक अशी दोन छपरे देण्याची पद्धत रूढ झाली. वरचे कापड ऊन झेलते, मधल्या पोकळीतून हवा वाहते आणि खालचे कापड फारसे तापत नाही. लष्कराच्या आणि मदतकार्याच्या मोठ्या तंबूंत हीच रचना आजही दिसते. अरबस्तानातील बदाऊनांचे तंबू तर बकरीच्या काळ्या केसांचे असतात. रंग काळा असूनही ते चालतात, कारण विण सैल असते, गरम हवा वरून निसटते आणि बाजू उचलून ठेवलेल्या असतात. म्हणजे रंगापेक्षाही वाहत्या हवेला महत्त्व अधिक.

जालन्याच्या वाचकाला हे तत्त्व पटवून देण्यासाठी अरबस्तानापर्यंत जाण्याचीही गरज नाही. बियाणे उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात बीजोत्पादनाची शेडनेट जागोजागी दिसतात. ही जाळी ऊन निम्म्याने किंवा त्याहून अधिक अडवते आणि वारा मात्र जाऊ देते. उन्हाळी मुक्कामासाठी याहून सोयीचे वरचे छप्पर शोधून सापडणार नाही. ७५ टक्के सावलीची जाळी तंबूच्या माथ्यापासून किमान दीड-दोन फूट उंच, तंबूपेक्षा सर्व बाजूंनी मोठी अशी ताणून बांधावी. ती तंबूला टेकली, तर मधली हवा खेळत नाही आणि निम्मा उपयोग वाया जातो. ताडपत्री बांधायची झाल्यास ती फिकट रंगाची घ्यावी आणि आणखी उंच बांधावी, कारण तिच्यातून वारा जात नाही.

घेताना काय पाहावे?

तंबू असा घ्यावा की ज्याचे आतले अंग जवळजवळ संपूर्ण जाळीचे असेल आणि बाहेरचे पावसाळी आवरण वेगळे काढता येईल. समोरासमोर दोन दारे असावीत. एकच दार असलेल्या तंबूत वारा शिरतो, पण बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाहत नाही. माथ्याशी झरोका हवाच, कारण गरम हवा वर साठते. दुकानदार ज्याला चार माणसांचा तंबू म्हणतो, तो उन्हाळ्यात दोघांचा समजावा. उंची उभे राहता येईल इतकी असल्यास उत्तम. सुती कॅनव्हास जड असतो, पण गाडीने जाणार असाल तर तो नायलॉनपेक्षा सुखाचा.

मग जाळीचा तंबू तरी कशाला, नुसते छप्पर पुरेल की, असे कोणी म्हणेल. दिवसा ते खरेही आहे. परंतु रात्री डास आणि विंचू-साप यांचा विचार करावा लागतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, हे दाखवून जगाचे लक्ष वेधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांची कर्मभूमी महाड असली, तरी ते मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे. उन्हाळ्यातील गरम रात्री विंचू बाहेर पडतात. म्हणून तळाचे कापड जाळीला शिवलेले असावे, दाराची साखळी नीट लागणारी असावी आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालू नये.

काळ्या जमिनीचेही एक वैशिष्ट्य आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेगांच्या कडेला ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्याच झोतात निघते. मुरमाड जागा मिळाल्यास लोखंडी मेखा घट्ट बसतात. नाहीतर मातीने भरलेल्या गोण्यांना तणावे बांधावेत.

जागा आणि दिशा

वड, चिंच, आंबा किंवा कडुनिंब यांची दाट सावली कोणत्याही कापडापेक्षा थंड असते. पाने स्वतः पाणी बाष्परूपाने सोडत असल्यामुळे ती कापडाइतकी तापत नाहीत. मात्र माळावर एकट्याच उभ्या असलेल्या उंच झाडाखाली रात्रीचा मुक्काम करू नये. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळी वादळे उठतात आणि विजा पडतात. विजेपासून तंबू मुळीच संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू येताच पक्के घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद मोटार गाठावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. पूर्णा, दुधना, गिरजा यांची कोरडी पात्रे सपाट आणि वाळूची म्हणून मोहात पाडतात. तेथे तळ टाकू नये. वरच्या भागात झालेला पाऊस आपल्याला दिसत नाही, पाणी मात्र येते.

तिसऱ्या प्रहरी सूर्य पश्चिमेला कलतो आणि तिरके ऊन छपराखाली शिरते. उन्हाळ्यातला वाराही बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. म्हणून पश्चिम बाजूला कापडाचा पडदा न लावता जाळीचा लावावा. ऊन अडते आणि वारा येत राहतो. सूर्य मावळल्यावर पावसाची चिन्हे नसतील, तर वरची जाळी आणि बाहेरचे आवरण गुंडाळून ठेवावे. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. डोक्यावरचे कापड त्याच्या आड येते. आवरण मात्र हाताशी असू द्यावे.

जमिनीवर अंथरूण टाकण्यापेक्षा मोठ्या छपराखाली बाज टाकून तिला मच्छरदाणी बांधणे केव्हाही चांगले. खालूनही हवा लागते आणि दिवसभर तापलेली माती पाठीला भिडत नाही.

पाण्याचा थंडावा

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे कोरडी हवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. माठातले पाणी गार होते ते यामुळेच. अकबराच्या दरबारातला अबुल फझल काही काळ जालन्यात राहिला होता. त्याच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी थंड केलेल्या खोल्यांचे वर्णन आहे. आपल्याला वाळा मिळाला नाही तरी पश्चिमेच्या जाळीवर गोणपाट टांगून ते ओले ठेवता येते. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, जालन्यात चालतो. पण तंबू बंद करून आत ओली गोणपाटे टांगू नयेत. आतली हवा दमट झाली की घाम वाळणे थांबते.

हवा चाळिशीपलीकडे गेल्यावर नुसता पंखा कोरड्या अंगाला गारवा देत नाही, उलट गरम हवा अंगावर आणून टाकतो. अंग आणि कपडे ओले असतील तरच त्याचा उपयोग. मानेभोवतीचा ओला पंचा आणि ओले हात-पाय यांना थोडेच पाणी लागते. हा हिशेब महत्त्वाचा आहे. या जिल्ह्यातील अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे हौसेखातर जाणाऱ्याने आपले पाणी आपण न्यावे. गावच्या हंड्यातून सडा घालू नये.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक किंवा पन्हे पीत राहावे. फार घाम गेल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीवर विसंबू नये. तो जेवणात खावा. अकरा ते चार या वेळेत तंबूत झोपण्यापेक्षा झाडाखाली बसलेले बरे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

ज्यांना निवड नाही त्यांच्यासाठी

हे सारे हौसेने जाणाऱ्यांसाठी झाले. जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबूच्या तट्ट्या आणि वर प्लॅस्टिकचा कागद, आत शिरायला वाकावे लागते. थंडीत हा कागद ऊब धरतो. मार्च उजाडला की तोच कागद भट्टी होतो. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला की मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत लांबले आणि एरवी उन्हाच्या आत घरी परतणारी माणसे ऐन मेमध्ये फडात आणि कोपीत होती. तान्ही मुले आणि बाळंतिणीही त्यात असतात.

कोपीच्या वर दोन फूट उंचीवर ताणलेली शेडनेट, पाठच्या भिंतीला एक झरोका, बसायला जाळीच्या सावलीचा एक तुकडा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी, एवढ्याने त्या कोपीतली दुपार सुसह्य होऊ शकते. यात न परवडण्याजोगे काही नाही. तळाची जागा कारखान्याने किंवा मुकादमाने ठरवलेली असते, म्हणून ही जबाबदारीही त्यांच्याकडेच जाते. आपण आपल्या मुलांसाठी तंबू निवडताना जी दोन छपरे पाहून घेतो, त्यातले दुसरे छप्पर फडाच्या कडेलाही उभे राहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.