पाण्याच्या वाटेने : चेन्नईहून एका दिवसाची आगगाडीची सफर

पुण्याहून प्रथमच चेन्नईस आलेल्या माझ्या थोरल्या मामेबहिणीने, एळुंबूर स्थानकातून निघालेली आमची गाडी तांबरम मागे टाकून पुढे गेल्यावर, बराच वेळ खिडकीबाहेर निरखून पाहिले आणि अखेर किंचित खट्टू होऊन विचारले, "अरे, घाट कधी लागतो?" घाट लागणार नव्हता. ज्या माणसाची रेल्वेप्रवासाची सारी कल्पना बोरघाटातल्या बोगद्यांच्या काळोखात आणि आषाढातल्या धबधब्यांच्या तुषारांत घडलेली असते, त्याला कोरोमंडलचा हा सपाट मुलूख प्रथमदर्शनी उदास वाटावा, यात त्याचा दोष नाही. परंतु सृष्टिसौंदर्य म्हणजे केवळ उंची नव्हे. या प्रदेशाचे सौंदर्य साठलेल्या पाण्यात आहे, आणि ते पाण्याच्या दृष्टीने पाहावयास शिकल्यावाचून, या महानगरातून एका दिवसासाठी कोठे जावे या प्रश्नाचा निकाल समाधानकारकपणे लागत नाही, असे माझे येथील अनेक वर्षांच्या वास्तव्यानंतरचे मत आहे.

ऋतू आधी, स्थळ मागाहून

पहिली गोष्ट अशी की, येथील पर्जन्याचे पंचांग आपल्या पंचांगाहून निराळे आहे. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात येणारा नैऋत्य मोसमी पाऊस चेन्नईस ओझरता भेटून जातो. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर, बंगालच्या उपसागरावरून येतो. म्हणजे आपला श्रावण येथे कार्तिकात उगवतो. तो सरल्यावर पौषापासून माघापर्यंत हवा सौम्य असते, भाताची खाचरे हिरवी असतात आणि तळी काठोकाठ भरलेली असतात. सहलीचा खरा हंगाम हाच. एप्रिल-मेमध्ये जी तळी केवळ भेगाळलेल्या चिखलाची मैदाने होतात, त्यांच्याच काठाने जानेवारीत जाताना डोळ्यांचे पारणे फिटते.

या तळ्यांना तमिळमध्ये 'एरी' म्हणतात. जमिनीचा उतार अत्यंत मंद असल्यामुळे नदीला धरण घालण्याऐवजी उताराच्या आडवा, चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध घालावयाचा, त्यामागे पावसाचे पाणी अडवावयाचे, मोरीवाटे ते खालच्या शेतांना द्यावयाचे आणि वरच्या तळ्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात उतरू द्यावयाचे, अशी ही रचना आहे; त्यामुळे एक तळे म्हणजे एकटे तळे नसून एका लांबलचक साखळीतील कडी असते. बांधाची डागडुजी गावाने एकत्र येऊन करावयाच्या प्रथेस 'कुडिमरामत्तु' असे नाव आहे. 'कुडि' म्हणजे रयत हा शब्द शुद्ध तमिळ, आणि 'मरामत' हा आपल्या जुन्या दप्तरांतही आढळणारा फारसी अमदानीचा शब्द. एका जोडशब्दात दोन भाषा आणि कित्येक शतकांचा राज्यकारभार असा शेजारी शेजारी नांदतो आहे.

तीन दिशांचे तीन फाटे

चेन्नईच्या पूर्वेस समुद्र आहे, तेव्हा आगगाडीने जाण्यास दिशा तीनच उरतात. ज्या महाबलिपुरमचे नाव पाहुण्याच्या तोंडी प्रथम येते, तेथे रेल्वे जात नाही. म्हणून ते या विचारातून वगळावे लागते.

उत्तरेचा फाटा सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीकडे जातो. या मार्गावर पोन्नेरी येथे उतरून सुमारे वीस किलोमीटर बसने गेले म्हणजे पळवेर्काडू, अर्थात पुलिकत, हे गाव लागते. ओडिशातील चिलिका सोडल्यास भारतातील सर्वांत मोठे खारे सरोवर हेच. १६१३ साली डचांनी येथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला आणि त्या शतकाचा बराचसा काळ कोरोमंडल किनाऱ्यावरील त्यांच्या व्यापाराचे ते मुख्य ठाणे होते. किल्ल्याचे आता फारसे काही उरले नाही. परंतु डचांच्या दफनभूमीतील कोरीव थडगी पाहण्यासारखी आहेत, आणि हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्याला एकांत हवा आहे, त्याने ही दिशा धरावी.

पश्चिमेचा फाटा ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत मानाचा, कारण दक्षिण भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १ जुलै १८५६ रोजी याच दिशेने, रॉयपुरमपासून वालाजा रोडपर्यंत, धावली. अरक्कोणमहून एक रूळ वायव्येस तिरुत्तणीला वळतो. तेथील मुरुगनाच्या टेकडीला वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ पायऱ्या आहेत, आणि सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे जन्मगावही तेच. सरळ पुढे गेल्यास सेंट्रलपासून १३० किलोमीटरांवर काटपाडी लागते आणि तेथून वेल्लूरचा कोट फार दूर नाही. मराठी माणसाने हा कोट पाहावाच. १६७७ साली शिवाजी महाराजांनी कर्नाटकच्या मोहिमेत त्याला वेढा घातला. समोरच्या डोंगरांवर मराठ्यांनी बांधलेल्या दोन गढ्यांना साजरा-गोजरा अशी नावे मिळाली. आणि सुमारे चौदा महिने झुंजून १६७८ साली कोट स्वाधीन झाला. तो इतका काळ का टिकला, हे पुस्तकात वाचून उमगत नाही. कोटाभोवतीच्या रुंद, आजही पाण्याने भरलेल्या खंदकाच्या काठावर पाच मिनिटे उभे राहिले की ते आपोआप उमगते.

दक्षिणेचा फाटा मात्र मला सर्वाधिक प्रिय आहे. चेन्नई बीच ते तांबरम या मार्गावर १९३१ सालापासून विजेची गाडी धावते आहे, आणि आता उपनगरी गाड्या सुमारे ६० किलोमीटरांवरील चेंगलपट्टूपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. चेंगलपट्टू येण्याच्या जरा आधी कोळवाय नावाचे विस्तीर्ण तळे रुळांच्या अगदी लगत येते. दीड तास घरे, कारखाने आणि जाहिरातींचे फलक पाहून शिणलेल्या दृष्टीसमोर एकाएकी जलाशय उलगडतो, पलीकडच्या लहान टेकड्या त्यात उलट्या उभ्या दिसतात, आणि डब्यातील रोजचे प्रवासीही वर्तमानपत्रातून क्षणभर मान वर करतात. मामेबहिणीची उदासी येथेच ओसरली.

चेंगलपट्टूहून पश्चिमेस वळणारा रूळ पालूर, वालाजाबाद करीत कांचीपुरमला नेतो. तेथे पल्लव नृपती राजसिंहाने आठव्या शतकाच्या प्रारंभी बांधविलेले कैलासनाथाचे मंदिर आहे. त्याच्या प्राकाराच्या आतल्या अंगाने ५८ लहान देवकुळ्यांची रांग आहे. पैकी काहींच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या रंगाचे पुसट अवशेष, एखाद्या डोळ्याची कड, एखाद्या वस्त्राची किनार, अजून टिकून आहेत. वरदराज पेरुमाळच्या मंदिरातील पुष्करिणीच्या तळाशी अत्ती वरदाची उंबराच्या लाकडाची मूर्ती जलसमाधीत असते आणि चाळीस वर्षांतून एकदाच दर्शनासाठी बाहेर काढली जाते. १९७९ नंतर ती २०१९ मध्ये निघाली. आज त्या निश्चल पाण्याकडे पाहणाऱ्याला ठाऊक असते की, २०५९ पर्यंत ते देवाला आपल्या उदरात सांभाळणार आहे.

आणि याच दिशेस, तिंडिवनमला उतरून २८ किलोमीटर बसने गेल्यावर, जिंजी. १६७७ साली महाराजांनी घेतलेल्या या दुर्गाने पुढे छत्रपती राजारामांना आश्रय दिला, आणि १६९० पासून १६९८ पर्यंत, सुमारे आठ वर्षे, मोगलांची सारी शक्ती आपल्या तटाशी खिळवून ठेवली. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. राजगिरीच्या बालेकिल्ल्याशी पोचताना एक खोल नैसर्गिक घळ पुलावरून ओलांडावी लागते. खाली दगडी काठांची तळी चमकत असतात. दीर्घ वेढ्यात दुर्ग तटबंदीने जितका टिकतो तितकाच पाण्याने टिकतो, हे सत्य येथे घोटभर पाणी पिताना जसे पटते तसे अन्यत्र पटत नाही.

निवडीचे नियम

एवढी स्थळे डोळ्यांसमोर आल्यावर मनुष्य मोहात पडतो आणि एका दिवसात दोन उरकण्याचा बेत करतो. तो बेत टाकावा. मी स्वतः एकदा सकाळ एका ठिकाणी घालवून दुपारी साडेबाराला कांचीला पोचलो. येथील बहुतेक देवळे मध्यान्ही बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात, हे ठाऊक असूनही मी घाई केली होती, आणि साडेतीन तास बंद महाद्वारासमोर सावलीच्या शोधात काढले. त्या दिवसापासून काही नियम मी कसोशीने पाळत आलो आहे.

पहिला असा की, मंदिर पाहावयाचे तर पहाटेची गाडी धरून ते सकाळीच पाहावे. दुसरा असा की, स्थळाचे अंतर स्थानकापर्यंत न मोजता शेवटच्या पावलापर्यंत मोजावे. तिरुत्तणीस गाडीतून उतरताच टेकडी समोर असते, उलट जिंजीस जाताना रेल्वेचे दोन तास आणि बसचा एक तास संपल्यावर खरा चढ सुरू होतो, म्हणून जिंजीच्या दिवशी जिंजीवाचून दुसरे काही नको. तिसरा असा की, वृद्ध आणि बालके सोबत असतील तर चेंगलपट्टूच्या अलीकडचा किंवा उपनगरी गाड्यांचाच मार्ग निवडावा, कारण एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. आणि चौथा, लहानसा पण अनुभवाने सिद्ध झालेला : दक्षिणेस जाताना सकाळी उजव्या हाताची खिडकी धरावी आणि संध्याकाळी परततानाही उजवीच, म्हणजे दोन्ही वेळा ऊन पलीकडच्या बाजूस राहते.

पक्ष्यांचा कौल

मामेबहिणीसोबतच्या त्या दिवशी आम्ही चेंगलपट्टूच्या पुढे मदुरांतकमला उतरलो आणि तेथून रिक्षाने वेडंतांगलला गेलो. या नावाचा अर्थ शिकाऱ्यांची वाडी असा सांगतात. आणि याच वाडीने अडीचशे वर्षांहून अधिक काळ पक्ष्यांचे रक्षण केले आहे. तळे जेमतेम ३० हेक्टरांचे. बांधावरून पाहिले तर पाण्यात अर्धी बुडालेली झाडे आणि त्यांच्या प्रत्येक फांदीवर चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचे, शराटी, पाणकावळे, रातबगळे यांचा इतका दाट संसार की, पाने कमी आणि पंख अधिक दिसावेत. ऊन चढले तशी आमच्या समोरच्या झाडावरील एक चित्रबलाक मादी घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख छत्रीसारखे अर्धवट उघडून धरले. तिच्या सावलीत तीन धुरकट पिले माना खाली घालून बसली होती. सूर्य सरकला तशी तीही पावलापावलाने सरकली. आम्ही पाऊण तास तिथून हललो नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या शिपायांनी येथे पक्षी मारले, तेव्हा गावकरी चेंगलपट्टूच्या कलेक्टराच्या कचेरीवर गेले आणि पक्ष्यांना अभय देणारा कौल त्यांनी मिळविला, असा वृत्तांत आहे. कलेक्टराचे नाव लायनेल प्लेस, साल १७९८. अर्काटच्या नबाबाने १७६३ साली ईस्ट इंडिया कंपनीस दिलेल्या जहागिरीचा तो अंमलदार. आणि आश्चर्य असे की, आम्ही जेथे उतरलो त्या मदुरांतकमच्या तळ्याशीही त्याचेच नाव जोडलेले आहे. महापुराच्या रात्री बांध फुटेल या भीतीने पाहणीस गेला असता त्याला दोन धनुर्धारी तरुण बांधाची राखण करताना दिसले, अशी तेथील आख्यायिका आहे. म्हणून तेथल्या मंदिरातील रामास 'एरी राखणारा राम' म्हणतात, आणि प्लेसने बांधून दिलेल्या देवीच्या मंदिरातील शिलालेखात त्याचा जहागिरीचा कलेक्टर म्हणून उल्लेख आहे.

गावकऱ्यांनी कौल मागितला तो केवळ भूतदयेने नव्हे. पक्ष्यांच्या विष्ठेने पाणी कसदार होते, तेच पाणी मोरीवाटे शेतात जाते, आणि पीक खताच्या खर्चावाचून जोमाने येते. दया आणि हित यांचा असा मेळ ज्या व्यवस्थेत बसतो, ती व्यवस्था टिकते. बांधावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, "ताता, हे पक्षी तुमचे का?" त्याने मान हलविली आणि पाण्याकडे बोट दाखविले. पाणी आमचे, पक्षी पाण्याचे, असा त्याच्या उत्तराचा आशय मी घेतला.

परतीच्या गाडीत मामेबहीण माझ्याआधी खिडकीशी जाऊन बसली. चेंगलपट्टू मागे पडले, कोळवायचे पाणी सांजेच्या उजेडात तांबूस झाले होते, आणि त्यावरून बगळ्यांची एक ओळ दक्षिणेकडे, आम्ही जिथून आलो त्या दिशेस, मुक्कामाला निघाली होती. ती ओळ दृष्टीआड होईपर्यंत मामेबहीण पाहत राहिली आणि मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मुलांना घेऊन येते. पण दिवाळी होऊ दे. पाऊस पडून तळी भरू देत, मग येते."